लाल ते करायचं, निळं ते माहितीसाठी

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी मोशीच्या बेअरिंगवाल्याने दिली. दरवर्षी देतो. दरवर्षी मी पहिल्या पानावर नाव, रक्तगट आणि गाडीचा नंबर लिहितो आणि ती कपाटात जाते. यंदा कारण घडलं आहे, म्हणून लिहितो. सत्तावीस वर्षं प्लँटमध्ये रजिस्टर लिहिलं. नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं मी तिथे सगळ्यांना ऐकवायचो.

प्रिंटरच्या शाईचं पार्सल आलं. चार कार्ट्रिज: काळी, निळी, पिवळी आणि मॅजेंटा, म्हणजे साडीवाले ज्याला राणी कलर म्हणतात ती. दिव्याने ऑगस्टमध्ये जर्मनीला जाताना हा प्रिंटर घेऊन दिला तेव्हा म्हणाली होती, "बाबा, पहिलं वर्षभर शाई कंपनीकडून फुकट." अशा योजना असतात, म्हणून मी मान्य केलं. आज पार्सलच्या तळाशी घडी घातलेला कागद निघाला. मी कागद वाचल्याशिवाय टाकत नाही. योजना फुकट नाही, मासिक आहे. पैसे कार्डातून जातात. कार्डधारक: दिव्या.

पाच महिने पोरीच्या पैशाची शाई वापरतो आहे आणि मला पत्ता नाही.

सुहासिनी म्हणाली, "पोरीनं दिलं तर बिघडलं कुठं? लोकांच्या पोरी बापाला गाडी घेऊन देतात."

"सांगून देतात."

"सांगितलं असतं तर घेतली असती का तुम्ही?"

मी पार्सलमधले नग पुन्हा मोजले. चारच होते.

७ जानेवारी, मंगळवार

योजना बंद केली. खात्याचा पासवर्ड दिव्याने जाताना कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. 'तुम्हाला खात्री आहे का' असं तीन वेळा विचारलं, तीनही वेळा हो म्हटलं.

दिव्याला मेसेज केला: "शाईचा प्लॅन बंद केला. माझी शाई मी आणीन. तू तुझं बघ."

बावीस मिनिटांनी उत्तर आलं: "ठीक आहे."

सुहासिनीच्या मते शेवटचं वाक्य नको होतं. मी परत वाचून पाहिलं. वाक्यात चूक नाही.

८ जानेवारी, बुधवार

प्रिंटर बंद. म्हणजे वीज आहे, दिवा आहे, पडदा चालू आहे, पण छापत नाही. पडद्यावर: 'ही कार्ट्रिज योजनेतली आहेत. योजना संपली आहे.' परवा बसवलेली, काठोकाठ भरलेली कार्ट्रिज. वजनकाट्यावर काळी ठेवली. काटा माझ्याकडे दशांशाच्या दोन घरांचा आहे, सोनाराकडे असतो तसा. नवी ४१.३० भरते, ही ३९.४२ भरली. शाई आहे, पण नाही.

स्कॅन करून पाहिलं. तेही करत नाही. नुसता कागद वाचायला शाई कशाला लागते, हे मला कोणी समजावून सांगावं.

वर्कशॉपवाल्या उद्धवरावांच्या फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर नग घट्ट धरणाऱ्या सांगाड्याची, सहा ड्रॉइंग उद्या द्यायची आहेत. मी दहावी शिकलेला माणूस. भूकंपाच्या वर्षी उमरग्याहून आलो, हेल्पर लागलो. ड्रॉइंग वाचायला शिकलो ते टूलरूमच्या कचऱ्यातल्या रद्द प्रिंटांवरून. कॉम्प्युटरवर काढायला शिकलो ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, दिव्याच्या शेजारी बसून. ती शिकत होती, मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. आता निवृत्ती घेतल्यावर चाकण-महाळुंग्यातले छोटे वर्कशॉपवाले माझ्याकडे येतात, त्याला एक कारण आहे. ज्या मापात चूक चालणार नाही ते मी लाल छापतो. बाकी सगळं निळं. नवशिक्या माणसालाही कळतं की हात कुठे थांबवायचा.

बाहेरून छापून आणलं. पिंपळे गुरवच्या दुकानदाराने माझा लाल तपकिरी करून दिला.

११ जानेवारी, शनिवार

कस्टमर केअर. एक्केचाळीस मिनिटं संगीत, मग एक मुलगी. संभाषण लगेच लिहून ठेवलं.

"सर, शाई तुमची नाही, कंपनीची आहे. तुम्ही पानं विकत घेत होता."

"शाई कार्ट्रिजमध्ये आहे. कार्ट्रिज माझ्या टेबलावर आहे."

"हो सर. पण ते परत पाठवायचं आहे."

"आणि मी बाजारातून दुसरी आणली तर?"

"ओरिजिनल आणली तर चालेल सर. दुसरी घातली तर प्रिंटर नेटवरून तपासतो. अपडेट येतो, मग तो घेत नाही."

"म्हणजे माझ्या घरातली वस्तू माझ्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कळवते."

ती म्हणाली, "सर, माझ्या पप्पांकडेपण हाच आहे. ते पण असंच बोलतात."

नाव विचारलं नाही. मुलगी चांगली होती.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दिव्याचा फोन सुहासिनीच्या मोबाइलवर. माझ्यावर नाही. मी आतल्या खोलीत होतो, पण दार उघडं होतं. तिळगुळाची चौकशी झाली, तिकडच्या बर्फाची झाली. मग सुहासिनी आत आली.

"विचारायलीय, बाबांचा प्रिंटर चालू आहे का."

"सांग, लवकरच होईल. तुझ्या शाईशिवाय."

तिने फोनवर सांगितलं, "व्हय, होतोय म्हणाले." माझं निम्मं वाक्य तिने गाळलं. सुहासिनीला निरोप देताना कापून देण्याची सवय आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

एमआयडीसीची सुट्टी. पिंपरी कॅम्पातल्या श्यामकडे गेलो. त्याचं कार्ट्रिज भरायचं दुकान आहे, जिन्याखाली. श्याम म्हणाला, "भाऊ, शाई मी देतो, चिप मी देतो. पण एक पथ्य पाळायचं. प्रिंटरला नेट दाखवायचं नाही. नेट दिसलं की तो कंपनीला विचारतो, आणि कंपनी माझं नाव ऐकलं की नाही म्हणते."

घरी येऊन श्यामच्या चिप्स बसवल्या. चार सिरिंज, चार रंग, एकही थेंब सांडला नाही. प्रिंटर चालू केला. पडद्यावर आलं: '१ काम प्रतीक्षेत. बाहेरून आलेले.' आणि रोलर फिरायला लागले.

मी घाबरलो. माझं तर काही पाठवलेलं नव्हतं. बाहेरून म्हणजे कंपनी. हाच तो अपडेट, किंवा चाचणीचं पान. वेळेत 'रद्द' दाबलं आणि लगेच नेटच्या यादीतून घराचं वायफाय काढून टाकलं. आता वायरने कॉम्प्युटरला जोडला आहे, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही.

पहिलं पान छापलं. लाल असा लाल की बोट लावून पाहिलं.

श्यामला फोन केला. म्हणाला, "भाऊ, वाचलात."

२३ जानेवारी, गुरुवार

आज काम नव्हतं. जुनं मॅजेंटा कार्ट्रिज, ज्याला नोव्हेंबरात प्रिंटरने 'रिकामे' म्हटलं होतं, ते काट्यावर ठेवलं: ३३.८६ ग्रॅम. मग धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा ठेवलं: ३१.२०. नवं ४१.३०. म्हणजे दहा ग्रॅम शाईतली २.६६ ग्रॅम आत असतानाच त्याने संपली म्हणून जाहीर केलं. सव्वीस टक्के. ही ग्राहक आयोगाकडे द्यायची गोष्ट आहे. तक्रारीचा मसुदा करायला घेतला.

तक्ता नीट जमला आणि वाटलं, हा दिव्याला दाखवावा. तिला असे तक्ते आवडायचे.

शिफ्ट वहीची आठवण झाली. लिहून ठेवतो, कारण ती आता कुणाला माहीत नाही.

प्लँटमध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस रजिस्टरमध्ये लिहितो: मशीनची स्थिती काय, काय अडलं, पुढच्याने काय करायचं. लाल पेनने लिहिलं ते करायचंच. निळ्याने लिहिलं ते फक्त माहितीसाठी. येणारा वाचतो, खाली सही करतो. सही झाल्याशिवाय जाणाऱ्याने मशीन सोडायचं नाही. हा नियम. बस सुटली तरी चालेल.

दिव्या तिसरीत होती तेव्हा मला आठवडाच्या आठवडा दुसरी पाळी असायची. मी घरी येईपर्यंत ती झोपलेली, मी उठेपर्यंत ती शाळेत. तेव्हा एक वही केली. ती निळ्याने लिहायची: 'आज डब्यात शेपू होता. खाल्ला नाही.' लालने लिहायची: 'गणित क्र. ४ येत नाही.' मी गणित सोडवून सही करायचो. एकदा मी दमून सही न करता झोपलो, तर बाईसाहेब शाळेत जाईनात. सुहासिनीने उठवलं, "अहो, सही करा, पोरगी दारात उभी राहिलीय. म्हणते, मशीन सोडायचं नाही." दर गुरुवारी सुट्टी, तेव्हा दोघं बसून आठवड्याची पानं तपासायचो. नऊ वह्या भरल्या. बारावीनंतर मोबाइल आला आणि बंद पडलं.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्धवराव स्वतः ड्रॉइंग न्यायला आले. महाळुंग्याचे मूळ गावकरी, जमिनीवर आता त्यांचंच वर्कशॉप. प्रिंट उजेडात धरून म्हणाले, "ज्योतीराम, लाल लई झ्याक आलाय गड्या. कंपनीची शाई हाय व्हय?"

"कंपनीच्या नाकावर टिच्चून आहे."

"आन् ल्येक काय म्हणती?"

"बरी आहे."

"बोलती न्हवं?"

"आईशी बोलते."

उद्धवरावांनी चहा संपवला. कप ठेवताना म्हणाले, "माझं पोरगं वाकडला र्‍हातंय, बाविसाव्या मजल्यावर. पाऊण तासाचा रस्ता. त्ये बी आईशीच बोलतंय."

९ फेब्रुवारी, रविवार

दिव्याची खोली झाडली. मीच झाडतो, सुहासिनीला टेबलाचे खण उघडायला आवडत नाही. खणात: कंपास, तुटका कोनमापक, नऊ वह्या, सातवीच्या विज्ञान प्रदर्शनातले लाल-निळे जिलेटीन कागद, माझी एक जुनी व्हर्निअर. व्हर्निअर मी सहा वर्षं शोधत होतो. तिने नेली होती आणि सांगितलं नव्हतं. परत खणात ठेवली.

प्रदर्शनात तिने लाल कागदातून आणि निळ्या कागदातून चित्रं दाखवली होती, एकातून एक चित्र नाहीसं व्हायचं, दुसऱ्यातून दुसरं. तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला एका ज्वालामुखीला मिळाला. मी परीक्षकांना जाऊन विचारलं होतं, निकष काय. दिव्या चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

चार दिवस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुहासिनी फोन ठेवून आली.

"तिनं परत विचारलं. प्रिंटर चालतोय का, कागद भरलेला असतो का."

"एवढी काळजी तिला प्रिंटरची?"

"मला काय माहीत. तुमच्या दोघांचं कधी मला कळलंय. मी म्हटलं, चालतोय, रोज खडखड असते."

"नेट काढलंय म्हणून चालतोय, ते सांगितलंस का?"

"ते कशाला सांगू? तिला काय तुमच्या नेटाचं." मग म्हणाली, "हिरमुसल्यासारखी झाली. 'चालतोय ना, मग ठीक,' म्हणाली आणि ठेवलाच."

माझा अंदाज: तिला वाटत असणार की तिच्या शाईविना माझं अडेल. अडलं नाही, याचं वाईट वाटलं असेल. बापावर गेली आहे. पण म्हणून मला आनंद झाला असंही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तक्रारीचा मसुदा नऊ पानं झाला. वजनांचा तक्ता, कस्टमर केअरचं संभाषण, पडद्याचे फोटो. एक मुद्दा कच्चा आहे: कुठल्या तारखेला कंपनीने काय बंद केलं, याचा त्यांच्याकडचाच पुरावा हवा.

मसुदा वाचून दाखवला. सुहासिनीने भाजी निवडता निवडता ऐकला.

"एवढं लांब पत्र तुम्ही कधी मला लिहिलं न्हाई."

"तुझ्याविरुद्ध तक्रार नव्हती."

"तेच की. तक्रार असल्याबिगर लिहितच न्हाई तुम्ही."

२ मार्च, रविवार

मॅजेंटा फिकी पडते आहे. परवापर्यंत लालमध्ये बारीक पट्टे होते, आज लाल चक्क नारिंगी. हेड साफ करण्याचा उपाय दोनदा केला. श्याम म्हणाला, "भाऊ, या लॉटची राणी जरा जाड आहे. दोन-चार दिवस वापरली नाही की नळीत बसते."

हे आधी सांगायला हवं होतं. पण मीही विचारलं नव्हतं, आणि शाई घेताना पातळपणा न तपासता घेतली, ही चूक माझी. नोंद करतो.

५ मार्च, बुधवार

सकाळी अकराला मी कंपनीच्या साइटवर दिव्याच्या खात्यात गेलो. तक्रारीसाठी तारखा हव्या होत्या. योजना, बिलं, कार्ट्रिज, सगळं उतरवून घेतलं. खाली एक यादी होती, ती आधी कधी उघडली नव्हती: 'ई-मेलने आलेली कामे'. प्रिंटरला स्वतःचा ई-मेल पत्ता असतो, जगात कुठूनही त्याला कागद पाठवला की इथे छापून निघतो, हे दिव्याने ऑगस्टमध्ये दाखवलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, मला कोण पाठवणार.

यादी जशीच्या तशी:

शिफ्ट नोंद १, १६ जानेवारी. रद्द केले.
शिफ्ट नोंद २, २३ जानेवारी. मुदत संपली.
शिफ्ट नोंद ३, ३० जानेवारी. मुदत संपली.
शिफ्ट नोंद ४, ६ फेब्रुवारी. मुदत संपली.
शिफ्ट नोंद ५, १३ फेब्रुवारी. मुदत संपली.
शिफ्ट नोंद ६, २० फेब्रुवारी. मुदत संपली.
शिफ्ट नोंद ७, २७ फेब्रुवारी. प्रतीक्षेत.

सगळे गुरुवार.

प्रिंटर नेटवर नसेल तर कागद दहा दिवस ठेवतात, मग पुसतात. आतला मजकूर दाखवत नाहीत, पाठवणाऱ्याला कळवतही नाहीत. सातव्याची मुदत ९ मार्च.

पहिलं मी माझ्या बोटाने रद्द केलं. रोलर फिरत होते.

सुहासिनीने विचारलं, जेवायला का येत नाही. मी सांगितलं. तिने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसून यादी वाचली, एकेक ओळ बोट ठेवून.

"मी चालतोय म्हणून सांगितलं तिला. दर वेळी."

"खरंच सांगितलंस. चालत होता."

"मग तिला वाटलं असंल, तुम्ही वाचताव आणि गप बसताव."

हो. तसंच वाटलं असणार. सात आठवडे.

ती म्हणाली, फोन करा. लावला नाही. रजिस्टर न वाचता मशीनवरच्या माणसाशी बोलायचं नसतं. जे त्याने लिहून ठेवलंय तेच त्याला परत विचारणं हा त्याचा अपमान असतो. हेही मीच तिला शिकवलं आहे.

६ मार्च, गुरुवार

नेट जोडलं की अपडेट येणार, श्यामच्या चिप्स मरणार, प्रिंटर एकही पान देणार नाही. म्हणजे आधी ओरिजिनल चार. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काय राव, तुम्ही तर म्हणाला होता, जिवंत असेपर्यंत घेणार नाही."

"एक पान छापायचंय."

"एका पानासाठी चार?"

"तीन घालून तो छापत नाही. माहीत आहे तुम्हाला."

भरलेली कार्ट्रिज काढून नवी घातली. श्यामची शाई अजून निम्मी होती, वजन केलं नाही. वायफाय जोडलं. अपडेट आला, अकरा मिनिटं लागली. नऊ पानांच्या तक्रारीतला माझा मुख्य पुरावा, सात आठवडे बाहेरच्या शाईवर बिनतक्रार चाललेला प्रिंटर, त्या अकरा मिनिटांत गेला. मी बघत बसलो. मग पडद्यावर आलं: '१ काम प्रतीक्षेत.'

या वेळी हात मांडीखाली घेऊन बसलो.

पान आलं. निळं स्वच्छ. आमच्या वहीसारखेच रकाने तिने आखले आहेत:

'नोंद क्र. ७. जाणारी पाळी: दिव्या. मशीनची स्थिती: चालू आहे. आवाज येतो. सायकल घेतली, जुनी, चेन मीच बसवली. शेजारच्या आजी मला शेपूसारखी भाजी देतात. आता खाते. ऑफिसात माझ्या ड्रॉइंगवर लाल मापं बघून विचारतात, ही पद्धत कुणाची. सांगते.'

त्याखाली 'पुढच्या पाळीने करायचे' असा रकाना. कोरा.

त्याखाली: 'ताब्यात घेणाऱ्याची सही', आणि रेघ.

कोरा कसा असेल? करायचं काही नसेल तर आमच्यात 'काही नाही' असं लिहितात, रकाना मोकळा सोडत नाहीत. पान तिरकं धरलं. अगदी फिकट पिवळं काहीतरी होतं, हळदीचा हात लागल्यासारखं. तेव्हा उलगडा झाला. तिने लाल लिहिलं होतं. लाल म्हणजे पिवळ्यावर मॅजेंटा. माझ्या जाड शाईने मॅजेंटाची नळी बुजवली होती, ओरिजिनल घातली तरी ती बुजलेलीच. करायचं होतं तेवढंच माझ्या हाताने पुसलं गेलं होतं.

पांढऱ्यावर पिवळं वाचता येत नाही. पण निळ्या उजेडात पिवळं काळं दिसतं. ज्वालामुखीला पहिला नंबर देणाऱ्यांना हे माहीत नव्हतं, मला आहे. खणातून निळा जिलेटीन कागद काढला, चार घड्या करून बल्बवर धरला. सुहासिनीने खिडकीचे पडदे ओढले.

'इथे नोकरीत पक्कं करायचं विचारतात. तीन वर्षं. ७ मार्च दुपारपर्यंत सांगायचं आहे. राहू की परत येऊ? सहा नोंदींना सही नाही, म्हणून मशीनवरच उभी आहे. उत्तर नाही आलं तर राहीन. रागावून नाही.'

सुहासिनी आधी रडली, मग म्हणाली, "ये म्हणून लिहा."

लिहायला लाल पेन घेतलं. टोपण काढलं. जवळजवळ पाव तास धरून बसलो. लालने लिहिलं तर ती ते करील. तिसरीत असल्यापासून केलं आहे.

टोपण लावलं. सही निळ्याने केली, तारीख घातली, आणि सहीखाली निळ्यानेच लिहिलं:

'नोंद ७ आज वाचली. १ ते ६ मिळाल्या नाहीत. मी शाई वाचवायला नेट तोडलं होतं. चूक माझी. "तू तुझं बघ" हे वाक्यही चूक. मशीन सोडायला हरकत नाही, मी आलो आहे. राहायचं की यायचं, ते तू ठरव, तुझं माप तुला माहीत. मला तू इथे हवी आहेस. रोज हवी असतेस. सकाळी जास्त. हे निळ्याने लिहिलं आहे.'

स्कॅन केलं. शाई भरलेली होती, म्हणून केलं त्याने. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले असतील तेव्हा पाठवलं.

७ मार्च, शुक्रवार

काही नाही.

ट्रेमध्ये कागद भरला आहे. मोजून पन्नास. नेटचा दिवा निळा, स्थिर. दुपारी साडेचारला तिकडचे बारा वाजले. उद्धवरावांचा फोन आला, नवीन काम आहे म्हणून. दोन दिवसांनी येतो म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

मॅजेंटाची नळी साफ करायला घेतली होती, ठेवून दिली. प्रिंटर उघडा असताना पान आलं तर अडकेल.

८ मार्च, शनिवार

सकाळी दहा वाजून सहा मिनिटांनी रोलर फिरले. मी आंघोळीला होतो. सुहासिनीने दारावर थाप मारली. "अहो, आलं. पण कोरंच आलं. वर नुसतं 'नोंद क्र. ८' आहे, बाकी काहीच नाही. बिघडलाय का परत?"

"हात लावू नकोस."

"अहो, कोरं आहे. अख्खं पान."

ओल्या हाताने कागद धरायचा नसतो, म्हणून आधी हात पुसले. मग खिडकीशी जाऊन पान तिरकं केलं. वरच्या समासापासून खालच्या समासापर्यंत, ओळीमागून ओळ, फिकट पिवळं. निळ्याने एक शब्द नाही.

"कोरं नाही," मी तिला म्हटलं. "सगळं लालने लिहिलंय. पडदे ओढ."